हलव्याची मोरोक्कन चांदी

हलव्याचे दागिने करण्यात दुबईत माझा हात धरणारं कोणी नाही. हे मलाच सांगावं लागतं, कारण मंडळातल्या बायका माझ्याकडून दागिने घेऊन जातात, नव्या सुनेला घालून फोटो काढतात आणि कोणी विचारलं की "पुण्याहून मागवले" म्हणून सांगतात. एकीने तर माझ्या देखत सांगितलं. त्या संक्रांतीला मी तिला तिळगूळ दिला, पण गोड बोलले नाही.

तेव्हा आम्ही अल बर्शात, मॉलच्या मागच्या गल्लीत, चौथ्या मजल्यावर राहत होतो. मंदीचं दुसरं वर्ष होतं. नवरा इमारतींचा इंजिनियर. त्याचा टॉवर बाविसाव्या मजल्यावर येऊन थांबला आणि तो स्वतः चौथ्या मजल्यावर येऊन बसला, बिनपगारी रजेवर. पहिल्या आठवड्यात त्याने माझ्या ओट्याची मापं घेतली. दुसऱ्या आठवड्यात डबे हलवले. कुठला डबा किती वेळा लागतो त्याप्रमाणे रचना केली, म्हणे. मोहरी सापडेपर्यंत तेल जळून जायचं. तिसऱ्या आठवड्यात तो पोळीचा व्यास मोजायला आला तेव्हा मी लाटणं हातात घेतलं आणि म्हटलं, "अहो, एक तर तुमचा टॉवर सुरू होऊ दे, नाहीतर माझं डोकं तरी शांत होऊ दे." दोन्ही झालं नाही.

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये मोरोक्कोचं जोडपं होतं. ती माझ्याहून दहा वर्षांनी लहान. हिंदी सिनेमे बघून बघून हिंदी शिकलेली, त्यामुळे साधी साखर मागायला आली तरी बोलणं असं, की वाटावं आता हिला कोणीतरी जन्मठेप ठोठावणार आहे. मला ती दीदी म्हणायची. मी तिला हबीबती म्हणायचे, कारण माझं अरबी हबीबती, यल्ला आणि खलास इथे संपतं. मंदीच्या आधी एका दुपारी तिने मला तिची चांदी दाखवली होती.

आता आपली चांदी म्हणजे काय, तर देवघरातली निरांजनं आणि पायातली जोडवी-पैंजण. कमरेच्या वर सोनं, खाली चांदी, हे मला शिकवावं लागलं नाही, दिसतच आलं. तिने पलंगावर रुमाल पसरला आणि त्यावर जे मांडलं ते बघून मी गप्प झाले. माझ्या बाबतीत हे सहसा होत नाही. तळहाताएवढ्या दोन तिकोनी पिना, त्यांच्यामधून लोंबणारी साखळी, साखळीच्या मध्यभागी कोंबडीच्या अंड्याएवढा पोकळ चांदीचा गोळा, त्यावर हिरवं-पिवळं मिनाकाम. पिवळ्याजर्द अंबराच्या लिंबाएवढ्या मण्यांचा आणि पोवळ्यांचा हार. कपाळावरची नाण्यांची पट्टी. आणि काटे असलेली दोन कडी, इतकी जड की ती घातलेल्या बाईशी कोणी भांडायला जाणार नाही. मी ती तिकोनी पिन उचलली आणि अगदी मनापासून विचारलं, "ये किस पैर में पहनते हैं?"

ती पलंगावर आडवी होऊन हसली. मग डोळे पुसत तिने सांगितलं की त्यांच्या दक्षिणेकडच्या डोंगरात बायका सोन्याला विचारत नाहीत, चांदीच खरी. ही चांदी तिच्या सासूच्या आईची. लग्नात सासूने स्वतःच्या अंगावरून उतरवून हिच्या अंगावर घातली. लग्नाचा एक मोठा फोटोही होता, त्यात ती या सगळ्याच्या मागे कुठेतरी होती.

आणि मग मंदीत ती चांदी गेली. तिचा नवरा घरांची दलाली करायचा. घरं घेणारेच उरले नाहीत तेव्हा दलाल काय करणार? भाड्याचा पुढचा चेक बाउन्स झाला असता तर तो आत गेला असता. इथे तो नियमच होता तेव्हा. तिने स्वतःच रुमाल बांधून नवऱ्याच्या हातात दिला. जुन्या वस्तूंच्या दुकानात कोणा गोऱ्या बाईने सगळं एका फटक्यात उचललं, भिंतीवर टांगायला. मला कळलं तेव्हा मला त्या गोऱ्या बाईचा इतका राग आला की दोन दिवस मी मॉलमध्ये प्रत्येक गोऱ्या बाईकडे रोखून बघत होते.

ती गरोदर होती. आठवा सरत आला होता तेव्हा एके सकाळी तिने आमची बेल दाबली आणि दारातच भिंतीला टेकून उभी राहिली.

"दीदी, मैं बरबाद हो गई."

"काय झालं? पोटात दुखतंय?"

"सास आ रही है."

हे मला भाषांतर न करता कळलं. त्यांच्याकडे सातव्या दिवशी बाळाचं नाव ठेवतात, आपलं बारसंच म्हणा. सासूने फोनवर सांगितलं होतं की नातवंडाच्या नावाच्या दिवशी सुनेने माझ्या आईची चांदी घालून बसायचं, फोटो काढून मी गावात नेणार. तिच्या नवऱ्याने फोनवर "इन्शाल्ला" म्हटलं आणि फोन ठेवून बाथरूममध्ये जाऊन बसला. आईला खरं सांगायची त्याची छाती नव्हती. हिची तर त्याहून नव्हती. सासू म्हणजे हनुवटीवर हिरवं गोंदण असलेली, तीन शेतं एकटीने सांभाळणारी बाई. हिला वाटत होतं की चांदी विकली हे कळलं तर सासू तिचं तोंड पुन्हा बघणार नाही. आणि तिला स्वतःची आई नव्हती. जी काय आई होती ती ही सासूच, तिने उंबऱ्यात बसून रडत रडत सांगितलं.

माझ्या परातीत त्या वेळी संक्रांतीचा हलवा होता. एसी सोळावर, खिडक्या बंद, नवरा आणि मुलगी स्वेटर घालून बसलेले. दुबईच्या दमट हवेत हलव्याला काटा आणायचा तर घरच्यांना काटा आणावाच लागतो. मंद आचेवर तीळ, वर चमचाभर पाक, आणि बोटांनी हलवत राहायचं. तासन् तास. तिचं रडणं चालू, माझी बोटं चालू. आणि ते पांढरेशुभ्र टोकदार दाणे परातीत चमकताना बघून माझ्या डोक्यात जे आलं ते आलं. तिच्या फोटोतली चांदीही अशीच दाणेदार होती.

"रो मत," मी म्हटलं. "चांदी मैं बनाऊंगी."

तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. तिला वाटलं माझं अरबी तसं हिंदीही कच्चं आहे.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो आधी म्हणाला, "हा फ्रॉड आहे." मग म्हणाला, "लग्नाच्या फोटोचं स्कॅन मिळेल का?" संध्याकाळपर्यंत त्याने कॉम्प्युटरवर दोन्ही पिनांची ड्रॉइंग काढली होती. समोरून, बाजूने, आणि मधून कापली तर कशी दिसेल ते. बाई उभी असताना खांदा किती रुंद आणि बसल्यावर किती, हे मोजायला त्याने मला सहा वेळा उठबस करायला लावली. रिव्हिजन ए, रिव्हिजन बी, रिव्हिजन सी. सहा महिन्यांत पहिल्यांदा त्याने सकाळी दाढी केली होती, म्हणून मी काही बोलले नाही. त्या वर्षी दुबईत वेळेवर पूर्ण झालेलं प्रोजेक्ट बहुतेक आमचं एकच.

सामान मी जमवलं. करामा बाजारातल्या मिठाईवाल्याकडून चांदीचा वर्ख, आणि कपाळपट्टीच्या नाण्यांसाठी छोटे बत्तासे. पोवळ्यांसाठी लाल टूटीफ्रूटी. मिनाकामासाठी बडीशेपेच्या रंगीत गोळ्या, हिरव्या आणि पिवळ्या वेगळ्या निवडून. गुलाबी उरल्या त्या नवऱ्याने निवडता निवडता खाल्ल्या. अंबराचं अडलं. शेवटी सुपरमार्केटात मोठ्या गोल संत्र्याच्या गोळ्या मिळाल्या, पाकीट सात दिरहमचं. "सात दिरहम! म्हणजे नव्वद रुपये गोळ्यांना?" असं मी तिथेच मोठ्याने म्हटलं, आणि तीन पाकिटं घेतली. गोळीला तापवलेल्या दाभणाने भोक पाडायचं काम मुलीला दिलं. ती तेव्हा सात वर्षांची. "धिस वन इज क्रॅक्ड, सो आय हॅव टू ईट इट," असं ती दर दोन मिनिटांनी जाहीर करायची. एका पाकिटात इतक्या गोळ्या फुटतात हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

आठ दिवस लागले. पुठ्ठ्याच्या तिकोनावर डिंक लावून एकेक दाणा चिमट्याने बसवला. वर्ख लावताना घरात कोणी श्वास घ्यायचा नाही असा नियम होता. मधल्या अंड्याला खऱ्या अंड्याचं टरफल वापरलं. त्यासाठी नवऱ्याला चार दिवस आमलेट खावं लागलं, त्याबद्दल त्याने तक्रार केली नाही. पिनेच्या मागे त्याने तारेचा आकडा बसवला आणि दोन बोटांनी ओढून बघितला.

"अगं, हा फक्त शोभेचा आहे हं. लोड घेणार नाही."

"कसला लोड? दागिन्याला कसला आलाय लोड?"

"या पिना ते कापड धरून ठेवत असतील तर?"

मी हसले. इतकी वर्षं नेसतेय, कापड कशाने राहतं ते हा मला सांगणार! कापड निऱ्यांनी राहतं, नाडीने राहतं, आणि नेसणारीच्या हिमतीने राहतं. दागिना वरून घालायचा असतो. हे मी त्याला पाच मिनिटं सुनावलं. जगात कुठल्या बाईचा दागिना कामाला लागत असेल, हे माझ्या मराठी डोक्यात शिरलंच नाही.

शेजारणीला मुलगी झाली. चौथ्या दिवशी सासू आली. मला धिप्पाड बाई अपेक्षित होती. लिफ्टमधून आली ती माझ्या खांद्यालाही लागेना. हनुवटीवर गोंदण, डोळे बारीक, हातात ऑलिव्हच्या तेलाचा कॅन. तो कॅन तिला विमानात कसा आणू दिला, कोणाला घाबरवून, हे मी विचारलं नाही. तिने माझा हात हातात घेऊन बोटं बघितली. पाकाने भाजून भाजून ती लाल झाली होती. ती काहीतरी म्हणाली. शेजारीण घाबरत घाबरत म्हणाली, "बोल रही है, ये काम करने वाली औरत है." मला कोणी इतकं लवकर ओळखलेलं आवडत नाही.

सातव्या दिवशी दुपारी मी एसी सोळावर लावला, तिच्या बेडरूममधला, आणि तिला सजवलं. आत शिवलेला झगा, त्यावर पांढरं मोठं वस्त्र गुंडाळायचं, आणि त्याची दोन टोकं दोन्ही खांद्यांवर आणायची. टोकं आणली. मग तिने माझ्याकडे बघितलं आणि मी तिच्याकडे. ती टोकं पिनांनीच अडकवायची असतात. दुसरं काही नसतं. नाडी नाही, निऱ्या नाहीत.

"तू ने पहले क्यों नहीं बताया?"

"दीदी, मुझे लगा आप को मालूम है. आप को तो सब मालूम होता है."

हे ती कौतुकाने म्हणाली होती की कसं, ते मी अजून ठरवलेलं नाही. बाहेर बायका जमल्या होत्या. मी देवाचं नाव घेतलं आणि तारेचे आकडे कापडात घुसवले. ती उभी राहिली, कापडही राहिलं. "हात वर करू नको, खोल श्वास घेऊ नको आणि रडू नको," मी बजावलं, "बाकी बिनधास्त." लांबून बघितलं, आणि खरं सांगते, माझे डोळे भरून आले. पांढऱ्या कापडावर ती पांढरी काटेरी चांदी, लाल टूटीफ्रूटी, संत्र्याच्या गोळ्यांचं अंबर. त्या फोटोपेक्षा माझं काम सरस होतं. तिकडच्या डोंगरात आठशे मैल फिरूनही असा कारागीर मिळणार नाही, असं मला वाटलं.

बाहेर दहा-बारा बायका होत्या, पुदिन्याचा चहा, बदामाच्या वड्या, सगळ्या एकदम बोलणाऱ्या. ती दारात आली तेव्हा सगळ्या तोंडाने लूलूलू असा चित्कार करू लागल्या. ती खुर्चीत ताठ बसली. फोटो निघाले, पाच-सहा तरी. सासू समोर बसून बघत होती. मला वाटलं जमलं. मी चक्क दुसरी वडी घेतली.

तेवढ्यात कोणीतरी बाळ आणून तिच्या पुढे धरलं.

आता आईपुढे बाळ धरल्यावर आई काय करणार? तिने दोन्ही हात पुढे केले. कट्, असा आवाज झाला. डाव्या खांद्यावरची पिन मधोमध मोडली, वस्त्राचं टोक सुटून मांडीवर आलं, अंड्याचा गोळा गालिच्यावर आपटून फुटला, आणि अर्धी चांदी घरंगळत सासूच्या पायाशी जाऊन थांबली. पाठोपाठ माझ्या मुलीचा आवाज आला, खणखणीत.

"ममा, इट्स ब्रोकन. कॅन आय ईट इट नाऊ?"

सासू वाकली. तिने तो तुकडा उचलला, उजेडात धरला, वास घेतला आणि पुठ्ठ्यावरचे दाणे खरवडून तोंडात टाकले. कडकड आवाज येत राहिला. ती सावकाश चावत होती, घाई नव्हती तिला. शेजारणीचा चेहरा त्या वस्त्राहून पांढरा पडला होता. मग तिने एका दमात सगळं सांगून टाकलं, त्यांच्या भाषेत, रडत रडत. मला शब्द कळले नाहीत, पण प्रत्येक वाक्य कुठलं ते कळलं. आता हिची आई जाणार, एवढंच मी बघत होते, आणि ते माझ्यामुळे. मी लोड घेणारा आकडा बसवला असता तर बाळाचं नाव होऊन, फोटो निघून, बाई गावाला गेलीसुद्धा असती.

सासूने दाणे गिळले. मग आतल्या खोलीत बसलेल्या मुलाला हाक मारली. तो आला. माझा नवराही त्याच्या मागोमाग आला आणि आधी गालिच्यावरच्या तुकड्यांकडे बघून मान हलवली. त्याला मी घरी जाऊन बघणार होते.

सासूने मुलाला एकच प्रश्न विचारला. त्याने मान खाली घालून एका शब्दात उत्तर दिलं. मग ती उठली, सुनेच्या गळ्यातला संत्र्याच्या गोळ्यांचा हार काढला आणि सहा फुटी मुलाला खाली वाकवून त्याच्या गळ्यात घातला. कपाळावरची नाण्यांची पट्टीही त्याच्याच कपाळावर बांधली. पुढे ती जे म्हणाली त्यावर सगळ्या बायका इतक्या हसल्या की एकीचा चहा सांडला. शेजारीण रडता रडता हसत मला सांगू लागली, "बोल रही है, भाड़ा तेरा था, शरम मेरी बहू क्यों पहने? तू पहन."

आपल्याकडे संक्रांतीला जावयाच्या गळ्यात हलव्याचा हार घालतात, तेव्हा तो बिचारा असाच दिसतो. मला इतकं हसू आलं की मी पदर तोंडात कोंबला. तो तसाच बसला, कपाळाला पट्टी बांधून, तास-दीड तास. येणारंजाणारं प्रत्येक मूल त्याच्या गळ्यातली एक गोळी तोडून नेत होतं. माझी मुलगी चार वेळा जाऊन आली.

पण मी सांगणार आहे ते हे नाही.

सुनेचं वस्त्र अजून मांडीवरच पडलेलं होतं. म्हातारीच्या अंगावरही तसंच वस्त्र होतं, आणि तिच्या खांद्यावर एक पिन होती. काळी पडलेली, साधी, ना मिना ना पोवळं. मी तीन दिवस ती बघत होते आणि मला ती लोखंडाची वाटली होती. माझ्या डोळ्यांना चकचकीत तेवढंच दिसतं, हा माझा दोष आहे. तिने ती खांद्यावरून काढली, सुनेच्या वस्त्राचं सुटलेलं टोक वर घेतलं, आणि पिन कापडातून आरपार घालून कडी फिरवली. दोनदा ओढून बघितलं. मग बाळ उचललं आणि सुनेच्या हातात दिलं. त्या दिवशी बाळाचं नाव काय ठेवलं ते मला नीट ऐकू आलं नाही, कारण मी नाक शिंकरत होते.

उरलेला सगळा वेळ म्हातारी स्वतःच्या वस्त्राचं टोक डाव्या हाताने खांद्यावर धरून बसली होती. उजव्या हाताने जेवली. उजव्या हाताने चहा ओतला. डावा हात तिने खाली घेतला नाही. मला ते बघवेना. शेवटी मी उठले, माझ्या बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढली आणि तिच्या पुढे धरली. तिने ती उलटसुलट करून बघितली, उघडझाप केली, हसली आणि खांद्याला लावली.

महिन्याभराने ती परत गेली तेव्हा आम्ही सगळे तिला विमानतळावर सोडायला गेलो. सुनेने चांदीची पिन परत द्यायचा प्रयत्न केला, तर तिने सुनेच्या हातावर फटका मारला. मग ती बुटकी बाई आत निघाली, पाठ ताठ, अंगावर तेच पांढरं वस्त्र, आणि ते एवढं सगळं माझ्या त्या छोट्याशा सेफ्टी पिनेवर पेललेलं. मला मेलीला तेव्हा कुठे सुचलं की निदान मोठ्या आकाराची तरी द्यायची होती.